मेलेल्या बापाच्या नावाचा सातबारा

कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत समुद्राकाठच्या दिघीचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. दिघी हे रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातले, राजपुरी खाडीवरचे गाव. तिथे बंदर झाले. बंदराची कंपनी कर्जात बुडाली, २०१८ साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली आणि २०२१ साली अदानींच्या बंदर कंपनीने ती ७०५ कोटींना घेतली. बँकांना आपल्या दाव्यातला मोठा हिस्सा सोडून द्यावा लागला. बंदरापाठोपाठ माणगाव-रोह्याकडे दिघीच्याच नावाचे औद्योगिक क्षेत्र आखले गेले. सुमारे सहा हजार एकरांच्या या क्षेत्राला केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली.

म्हणजे एका बाजूला कंपनीची मालमत्ता हात बदलते, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याची. कंपनी मेली की तिच्या मर्तिकाची व्यवस्था कायद्याने करून ठेवलेली असते. देणेकऱ्यांची यादी होते, कारभारी नेमला जातो, मुदत ठरते. भागधारक त्याच्या भांडवलापुरता बुडतो, त्याच्या घरातली भांडी कोणी उचलत नाही. शेतकरी मेला तर काय होते? तेराव्याचे जेवण होते आणि सातबारा आहे तसा राहतो.

कोकणातला सातबारा एकदा हातात घेऊन पाहावा. जमीन वीस गुंठे आणि नावे तीस. वरती पणजोबा, खाली चुलते, इतर हक्कात आत्या. निम्मी माणसे मुंबईला गिरणीत गेली, तिथेच वारली. त्यांची मुले कुठल्या चाळीत आहेत हे गावात कोणाला ठाऊक नाही. जमीन घ्यायला सरकार आले की पहिला प्रश्न असतो, पैसे कोणाला द्यायचे? वाटपावर भांडण निघाले की भरपाईची रक्कम कोर्टात जमा होते आणि शेतकऱ्याच्या हाती पैशाऐवजी तारीख पडते. जमिनीचा भाव सरकारने पाडला तर त्याच्याशी लढता येते. सख्ख्या चुलत्याने हरकत घेतली तर लढायचे कोणाशी?

हे कोकणापुरते आहे असे वऱ्हाडात किंवा मराठवाड्यात कोणी समजू नये. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असा आपल्याच काळ्या जमिनीतून गेला. थेट खरेदीला सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची सही लागते. आणि रस्ता न येवो, बँक तर रोजची आहे. बाप मेलेला, सातबारा त्याच्याच नावाचा, म्हणून पोराला पीककर्ज नाही. पीकविम्याला अडचण, अनुदानाला अडचण. मग पोरगा सावकाराकडे जातो आणि आपण म्हणतो, सावकार वाईट.

२०२५ साली राज्य सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली. सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातून झाली. मेलेल्या माणसांना मेलेले म्हणण्यासाठी मोहीम! सरकारी दप्तराची दिरंगाई त्यात आहेच. तलाठ्याकडे खेटे घालून चपला झिजवलेल्यांना ते सांगायला नको. पण निम्मा दोष घरातला आहे. थोरला भाऊ नोंद करत नाही, कारण नोंद केली की बहिणींची नावे लागतात.

इथे स्पष्ट बोलले पाहिजे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायद्याने त्याच्या हिश्श्यात विधवा, मुलगे, मुली आणि बापाची आई यांचा सारखा वाटा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि त्यासाठी २००५ साली बाप जिवंत असायला हवा होता असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये पक्के केले. भाऊबीजेच्या ताटात साडी टाकून हक्कसोडपत्रावर सही घेणे हा व्यवहार नव्हे. बहीण राजीखुशीने सोडील तर सोडू द्या. पण तिला विचारा तरी.

संघटनेने हे आज शोधून काढलेले नाही. १९८६ साली चांदवडला लाखो मायबहिणी जमल्या. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला : जिने जन्मभर शेतात राबून घर चालवले तिच्या नावे तुम्ही जिवंत असतानाच जमीन करून द्या. हजारो शेतकऱ्यांनी करून दिली. पुढे सरकारलाही त्या नावाची योजना काढावी लागली. शहरातले वकील आज ज्याला मालमत्तेचे नियोजन म्हणून फी घेतात, ते आपल्या गावांनी केव्हाच करून दाखवले होते. पण मधल्या काळात आपणच ते विसरलो.

मात्र हे धडधाकट असताना, कर्ज थकण्याआधी करायचे. जप्तीची नोटीस आल्यावर घाईने बायकोच्या नावे केलेली जमीन कोर्टात टिकत नाही.

मृत्युपत्राला तर स्टँपसुद्धा लागत नाही. साध्या कागदावर लिहावे, दोन साक्षीदारांदेखत सही करावी, त्यांनीही तुमच्यादेखत सही करावी. ज्याला वाटा द्यायचा त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपला हिस्सा लिहून देता येतो. मुसलमान बांधवांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. बँकेतला नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक वारसच. यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आहेत.

आणि कर्ज. कंपनीवाल्याला भिंत आहे तशी शेतकऱ्याच्या पोरालाही एक आहे, पण बँकेचा माणूस ती सांगणार नाही. बापाचे कर्ज वारसाने फेडायचे ते बापाकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. मुलगा म्हणून बापाचे ऋण फेडण्याचे धार्मिक बंधन २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते संपले. जमिनीवर बोजा असेल तर तो जमिनीबरोबर येतो, हे खरे. पण पोराच्या मजुरीवर, सुनेच्या दागिन्यावर त्याचा हात पोचत नाही. पोरगा सहकर्जदार किंवा जामीन असेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच बाप गेल्यावर वसुलीवाला जो 'नुसता एक कागद' पुढे करतो त्यावर, तो वाचून घेतल्याशिवाय, विधवेने किंवा पोराने अंगठा देऊ नये. त्या एका सहीने बापाचे कर्ज पोराचे होते. दिवाणी जप्तीत शेतीची अवजारे, गरजेपुरते बैल आणि बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर यांना हात लावता येत नाही. हेही बेलिफाला सांगावे लागते, तो आपणहून सांगत नाही.

बाप गेल्यावर तीन महिन्यांत वारसांची माहिती तलाठ्याला द्यावी, असा महसूल कायदाच आहे. अर्ज करून पोच घ्यावी. भावाभावांत एकमत असेल तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करता येतो.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा, आठ-अ आणि शेवटच्या फेरफाराची नक्कल सोबत आणावी. घरधनिणीला बरोबर आणावे. कागद तिच्यासमोर वाचून दाखवला जाईल.