शर्यतीच्या मैदानावरचें राज्य

आमच्या घरांतून ‘रेस’ हा शब्द दबक्या आवाजांतच उच्चारला जातो. घोड्यांच्या पायीं घरदार घालवून बसलेल्या एखाद्या चुलत्याची किंवा मामाची कथा पुष्कळ मोठ्या कुटुंबांतून असते, आणि ती मुलांच्या कानीं पडूं नये अशी वडील माणसांची खटपट असते. द्यूतानें धर्मराजावर काय ओढवलें हें जेथें लहानपणापासून ऐकविलें जातें, तेथें पैजेचें कौतुक होऊं नये हें योग्यच आहे. परंतु ज्या गोष्टीचा तिटकारा वाटतो तिचा कारभार कसा चालतो हें समजून घेऊं नये, असें कांहीं शास्त्र नाहीं. शर्यतीचीं मैदानें मोठ्या शहरांतील मोक्याच्या जागीं आहेत, तेथील पैजेवर सरकार कर घेतें, आणि अनेक गरीब कुटुंबांची चूल त्यांवर पेटते. म्हणून या सदरांत आज त्या कारभाराचा थोडा विचार करूं.

शर्यत मैदानावर होते खरी, पण ती उभी असते वह्यांवर. ‘थरोब्रेड’ म्हणून जो घोडा धांवतो, त्याची वंशावळ नोंदलेली असल्यावांचून त्यास शर्यतींत उतरतां येत नाहीं. कुलवृत्तान्ताचीं बाडें जपून ठेवणाऱ्या आमच्या वाचकांस याचें नवल वाटावयाचें कारण नाहीं. मात्र या कामीं घोड्यांनीं आपणांवर ताण केली आहे. जगांतील सर्व थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा इंग्लंडांत सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं नेलेल्या पूर्वेकडील तीन घोड्यांपाशीं जाऊन पोहोंचते. त्यांच्या वंशाची नोंदवही तेथें १७९१ सालीं प्रथम छापली गेली. भारतांतील अशा नोंदीचें कार्यालय आपल्या पुण्यांतच आहे. शिंगरूं जन्मलें कीं डी. एन. ए. परीक्षेनें त्याच्या आईबापांची खातरजमा होते आणि ओळखीसाठीं त्याच्या मानेंत मायक्रोचिप बसविली जाते. कृत्रिम गर्भधारणेनें झालेल्या शिंगराची नोंद जगांत कोठेंही होत नाहीं. उत्तर गोलार्धांत या साऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारी हाच धरतात, म्हणजे वयाचा वाद उरत नाहीं.

मैदानावरही हीच काटेकोर रीत आहे. ज्यास ‘हँडिकॅप’ म्हणतात त्या शर्यतींत सरस घोड्यावर अधिक वजन व दुबळ्यावर कमी, अशी तोड काढलेली असते. जॉकी आपल्या खोगिरासह शर्यतीपूर्वीं तराजूवर बसतो व नंतर पुन्हां बसतो. वजन नियमाहून कमी भरलें तर पहिला आलेला घोडाही बाद होतो. घोड्याच्या रक्तालघवीची परीक्षा होते. निषिद्ध औषध सांपडल्यास जाहीर झालेला निकालही फिरतो. ‘स्टुअर्ड’ नांवाचे पंच शर्यतीचें चित्रण पुन्हां पुन्हां पाहून, कोणीं कोणास अडविलें, कोणीं घोडा जाणूनबुजून आंवरला, याची चौकशी करतात. जेथें पैसा एवढा खेळतो तेथें वही, तराजू आणि पंच हे तीन आधार ढळले तर पुढें उरते ती केवळ लूट.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, या आधारांवर देखरेख कोणाची? आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचींत राज्यांच्या अधिकारांची जी यादी आहे, तींतील ३४ वी नोंद ‘पैज व जुगार’ अशी आहे. त्यामुळें साऱ्या देशास लागू असा शर्यतीचा एक कायदा झालेला नाहीं. आपल्याकडे १९१२ सालीं मैदानांना परवाना देण्याचा कायदा झाला. पण परवाना सरकारचा असला तरी आंतील व्यवहार क्लबाचा राहिला. मुंबई-पुणें, कलकत्ता, मद्रास, बंगळूर, हैदराबाद येथील क्लबांनीं आपापलें क्षेत्र सांभाळलें. ते एकत्र बसून विचार करतात, आणि १९६३ पासून आळीपाळीनें निमंत्रण-चषकाची शर्यतही भरवीत आले आहेत. त्यांच्यांतील खरा दुवा मात्र आपल्या जुन्या गांवकीची आठवण करून देणारा आहे: एका क्लबानें वाळीत टाकलेल्यास दुसरा क्लब पंक्तीस घेत नाहीं. ही एकी फार मोलाची आहे, कारण तिच्यावांचून मुंबईस पकडलेला लबाड दुसऱ्याच महिन्यांत कलकत्त्यास राजरोस उभा राहिला असता.

पण या व्यवस्थेंत एक मोठें वैगुण्य आहे. नियम करणारा क्लब, ते अंमलांत आणणारा क्लब आणि अपराध्यास शिक्षा देणाराही क्लबच. पंच बहुधा सभासदांनीं आपल्यांतूनच निवडलेले. सभासदांत घोड्यांचे मालक पुष्कळ. कोणा एकाच्या सचोटीविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. परंतु पंच सज्जन निघेल या भरंवशावर न्यायासन मांडावयाचें नसतें. रामशास्त्र्यांची थोरवी आपण मुलांस सांगतों ती याचसाठीं कीं, ज्याचें अन्न खाल्लें त्याच्याविरुद्ध निकाल देण्यास ते कचरले नाहींत. असे पुरुष शतकांत एखादे निपजतात. एरवीं काम भागवावें लागतें तें व्यवस्थेनेंच. आणि या राज्यांत ज्यांस मत नाहीं ते कोण? पहांटे तबेल्यांत घोड्यास खरारा करणारा मोतद्दार, पडून हाड मोडण्याच्या भीतींत वावरणारा जॉकी, आणि मुका घोडा.

ज्यांच्यापासून आपण ही रीत घेतली त्यांनीं पुढें काय केलें, हें पाहण्याजोगें आहे. इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या मध्यास स्थापन झालेल्या जॉकी क्लबानें सुमारें अडीचशें वर्षें शर्यतींवर सत्ता गाजविली. पण लोकांचा विश्वास टिकवावयाचा तर मैदानाचे धनी व मैदानाचे न्यायाधीश निराळे हवेत, हें हळूहळू मान्य झालें. १९९३ सालीं कारभार व २००६ सालीं नियमनही त्यानें दुसऱ्या मंडळांकडे सोंपविलें, आणि २००७ पासून एकच स्वतंत्र संस्था हें काम पाहते. अमेरिकेंत आपल्यासारखेंच प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. २०१९ सालीं कॅलिफोर्नियांतील एका मैदानावर घोडे लागोपाठ मरूं लागले तेव्हां लोकक्षोभ उसळला, आणि २०२० सालीं सुरक्षितता व औषधबंदी यांपुरता सर्व देशाचा कायदा झाला.

आपल्याकडे सरकारची वृत्ति मात्र दुटप्पी दिसते. मद्रासचा क्लब ताब्यांत घेण्यासाठीं तेथील सरकारनें १९८६ सालीं केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं रद्द ठरविला, आणि घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वें कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. कर घेतांना मात्र ती जुगाराच्याच पंक्तीस बसते. वस्तु-सेवा-कर २०१७ सालीं आला तेव्हां पैजेवर तो २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कर जड झाला कीं पैज थांबतेच असें नाहीं. ती गल्लींतल्या बिनपरवाना बुकीकडे वळते, आणि तेथें ना वही, ना तराजू, ना पंच.

महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकीं १२० एकर जागा २०२४ सालच्या करारानें सार्वजनिक उद्यानासाठीं महानगरपालिकेकडे आली आणि ९१ एकर क्लबाकडे राहिली. जनतेच्या जमिनीवर जी संस्था चालते तिनें जनतेस हिशेब द्यावा, हें सरळ आहे. आमचें मागणें अवघड नाहीं. निवाडा देणारे पंच मालकांहून वेगळे असावेत. प्रत्येक चौकशीचा निकाल कारणांसह छापला जावा. मोतद्दार व जॉकी यांचा प्रतिनिधि कारभारांत असावा. आणि नोंदवहींत जन्माचें पान जितक्या काळजीनें लिहिलें जातें, तितक्याच काळजीनें निवृत्तीचेंही लिहून लोकांसमोर ठेवावें. निवृत्त घोड्याचाही उपयोग असतो: पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या पागेंतील असे घोडे लस व रक्तद्रव बनविण्यासाठीं हाफकिन संस्थेस दिले जात, आणि त्यांतूनच १९६६ सालीं सीरम इन्स्टिट्यूटचा जन्म झाला.

हा विषय शर्यतीपुरता आहे असें मात्र कोणीं समजूं नये. शिक्षणसंस्था, सहकारी पेढी, देवस्थानाची पंचकमिटी, आळींतील मंडळ, यांच्या कार्यकारिणींत आपल्याच घरचीं माणसें बसतात. तेथें हिशेब लिहिणारा व तो तपासणारा एकच नाहीं ना, एवढें पाहणें आपल्या हातचें आहे. घोड्यावर पैसा न लावणाऱ्या घरानेंही मैदानावरून हा एक धडा अवश्य घरीं आणावा.