पांढरं सोनं, पिवळं सोनं

गेल्या डिसेंबरात सिअ‍ॅटलहून भाचा आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून बदाम, चॉकलेटं आणि एक कवटी निघाली. कवटी नाण्यावरची. जुन्या रुपयाच्या दुप्पट आकाराचं जाडजूड नाणं. एका बाजूला कवटीखाली हाडांची फुली, दुसऱ्या बाजूला कोरलेला क्रमांक.

"भेट आणलीस का रे?" मी हात पुढे केला.

"नाही मावशी, हे कुणीच ठेवून घ्यायचं नसतं. पुढे पाठवायचं असतं."

मग त्याने मला जिओकॅशिंग समजावलं. मे 2000च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या यंत्रालाही नेमकी जागा कळू लागली. लगेच 3 मे रोजी ओरेगॉनमधल्या एकाने रानात एक बादली लपवली, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि म्हणाला, शोधा. तेव्हापासून जगभर लोक डब्या लपवतात आणि शोधतात. डबी सापडली की आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घेतली तर दुसरी ठेवायची. काही वस्तू प्रवासी असतात. त्यांच्या अंगावर क्रमांक असतो आणि त्यांना एक इच्छा दिलेली असते. ज्याच्या हाती लागतील, त्याने त्या पुढच्या डबीपर्यंत पोहोचवायच्या. या चाच्याच्या नाण्याची इच्छा होती, पुरलेल्या खजिन्याच्या दंतकथा जिथे जिथे आहेत, त्या समुद्राकाठच्या गावांना जायचं.

"तुमच्या कॉटन ग्रीनला आहे का अशी एखादी गोष्ट?" त्याने विचारलं.

आहे की. आमच्या घरातच आहे.

माझे आजोबा कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी रचायचे. हे नाव परक्यांना कोड्यात टाकतं, कारण इथे ना कापूस पिकतो ना काही हिरवं दिसतं. ग्रीन म्हणजे मैदान. जुन्या मुंबईत कापसाचा बाजार कोटातल्या मैदानावर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी भरायचा. तिथून तो कुलाब्याला गेला आणि 1920च्या दशकात इकडे शिवडीच्या बाजूला आला. बाजार हलला तसं नावही गाठोड्यासारखं डोक्यावर घेऊन आला. बाजार गेला, गोदामं थकली. नाव मात्र हार्बर लाइनच्या स्टेशनवर टिकलंय.

14 एप्रिल 1944. आजी घोडपदेवला चाळीत राहत होती. दुपारी चारच्या सुमाराला भांड्यांची उतरंड कोसळली, खिडकीच्या काचा घरात आल्या. भूकंप झाला म्हणून सगळे खाली धावले. अर्ध्या तासाने दुसरा दणका, पहिल्याहून मोठा. आजी शेवटपर्यंत एकच सांगायची, "आभाळातनं पेटलेला कापूस पडत व्हता गं." गाठी रचणाऱ्याच्या बायकोला आगीतसुद्धा आधी कापूसच दिसला.

तिने पाहिलं ते खरं होतं. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलं होतं. इंग्लंडहून निघताना त्यात सुमारे 1,400 टन दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही, सुमारे 8 लाख 90 हजार पौंडांच्या. वाटेत कराचीला कापसाच्या 8,700 गाठी चढवल्या. दारूगोळ्याशेजारी कापूस ठेवू नये हे गोदीतलं पोरही सांगेल. पण युद्धाचे दिवस होते, जहाजात रिकामी जागा ठेवणं परवडत नव्हतं. कापूस आतल्या आत धुमसायला लागला. बंबवाल्यांनी 900 टनांवर पाणी ओतलं, तरी आगीचं मूळ सापडेना. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दुसऱ्याची थरथर शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. मृतांचे आकडे 800 ते 1,300 असे वेगवेगळे सांगतात. धक्क्यावर नळ्या धरून उभे असलेल्यांपैकी अग्निशमन दलाचे 66 जवान गेले.

आणि सोनं? ते उडालं. एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती सरकारजमा केली आणि मिळालेलं बक्षीस मदतनिधीला देऊन टाकलं. ही घटना घडलेली. पण चाळींना खऱ्या गोष्टीवर थांबवत नाही. आमच्याकडे कुणी गावाला दोन एकर घेतले की जिन्यात कुजबुज व्हायची, "ह्यांच्या सासऱ्याला वीट घावली असणार." एकाने गिरणी चालू असताना तीस वर्षं भिशी भरली, पै पै साठवून साताऱ्याकडे विहीर बांधली, तर तीही स्फोटाच्या सोन्यातलीच ठरली. घामाचा पैसा कुणाला पटत नाही, विटेचा पटतो.

खरं तर त्या सोन्यातलं बहुतेक परत मिळालं. काही विटा ढिगाऱ्यात सापडल्या, काही गोदीतला गाळ उपसताना, अगदी 1970च्या दशकातही. पण परत मिळालेल्या खजिन्याची गोष्ट कोण सांगणार?

चाच्यांचंही हेच झालंय. खजिना पुरायचा, नकाशावर फुली मारायची हा सगळा थाट 'ट्रेझर आयलंड' या 1883च्या कादंबरीने घरोघरी नेला. प्रत्यक्षात खजिना पुरल्याचा पुरावा एका कॅप्टन किडबद्दल पक्का आहे, आणि त्याची लूट होती आपल्या समुद्रातली. जानेवारी 1698मध्ये त्याने केरळच्या किनाऱ्याजवळ बंगालहून सुरतेकडे निघालेलं 'क्वेदा मर्चंट' हे जहाज पकडलं. आत होतं काय? मुख्यतः रेशमी आणि सुती कापड, साखर, सोरा. ते विकून आलेल्या धनातलं थोडं किडने न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर पुरलं. सरकारने 1699मध्येच ते उकरून पुरावा म्हणून लंडनला नेलं आणि 1701मध्ये किडला फाशी दिली. तरी लोक आजही किडच्या सोन्यासाठी फावडी घेऊन फिरतात. म्हणजे तिथेही मूळ माल कापडच, गोष्ट मात्र सोन्याची.

"आणि आंग्रे? तेही पायरेटच ना?" भाच्याने कुठेतरी इंग्रजीत वाचलं होतं. त्याला म्हटलं, पुस्तक कोणी लिहिलं ते आधी बघ. ज्या मुंबईच्या इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटलं, त्याच मुंबईत आज नौदलाचा तळ 'आयएनएस आंग्रे' या नावाने उभा आहे. आपले ते सरखेल, मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख.

गुप्तधनाचं आपलंही वेड जुनं. हंडा, त्यावर वेटोळं घालून बसलेला नाग, पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं ही समजूत. ऐकायला गंमत वाटते. पण याच वेडापायी नरबळी दिले गेले, म्हणून 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यावर बंदी घालावी लागली. दुसरा एक कायदा 1878चा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर कलेक्टरला कळवायचं.

"मग या नाण्याचं कळवायचं का?" भाचा घाबरला.

"जमिनीत कुठे आहे ते?"

तो हसला. त्याच्या खेळात सहसा पुरायला परवानगी नसते. डबी झाडाच्या ढोलीत ठेवा, दगडाआड ठेवा. खड्डा खणायचा नाही. मला हा नियम फार आवडला. खजिन्याचा खेळ, पण फावड्याला बंदी आणि ठेवून घ्यायलाही बंदी. त्या पारशी गृहस्थांना हा खेळ कुणी शिकवावा लागला नसता.

एका रविवारी आम्ही दोघं निघालो. शिवडीच्या खाडीकडून वारा येत होता, गोदामांच्या रांगेत एक ट्रक रिकामा होत होता, हमाल पाठीवरची पोती पेलत फळीवरून उतरत होते. डबी कुठे आहे ते सांगणार नाही, तोही खेळाचाच भाग. हार्बर लाइनपासून फार लांब नाही एवढंच. नाणं आत ठेवण्याआधी भाच्याने त्याच्या फोनवर नोंद केली. काय लिहिलंस, विचारलं. त्याने इंग्रजीत सोन्याच्या विटांचं लिहिलं होतं.

"कापसाचंही लिही," मी म्हटलं. "आणि बंबवाल्यांचं."

त्याने लिहिलं. नाणं आता कुणाच्या तरी खिशातून पुढच्या किनाऱ्याकडे निघालंही असेल.

14 एप्रिलला आपल्याकडे आंबेडकर जयंतीची मिरवणूक निघते, निळे झेंडे लागतात. तोच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो या मुंबईच्या गोदीमुळे. विटा मोजून झाल्या, बहुतेक परत आल्या. जी माणसं परत आली नाहीत, त्यातल्या 66 जणांचं स्मारक भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे. तिथे जायला नकाशा लागत नाही, काही खणावंही लागत नाही.