कणीक कुणी तिंबली?

मराठी माणसापुढे काहीही चांगलं खायला ठेवा, पहिला घास घेतल्यावर तो पदार्थाकडे न बघता पदार्थ करणारीकडे बघतो आणि विचारतो, "घरी केलंय?" प्रश्न दिसायला दोन शब्दांचा, पण त्याच्या पोटात अख्खा चौकशी आयोग बसलेला असतो. "हो" म्हटलं तर दुसरी बशी पुढे येते. "नाही" म्हटलं तर "तरीच!" येतं. आता बघा, जिभेवर होता तोवर पदार्थ झकास होता. तो बिघडला कानातून!

माझं भांडण या "तरीच"शी आहे आणि भांडणाचं तात्कालिक कारण आहे ॲपल टर्नओव्हर. (हे नाव ऐकून आमच्या इमारतीतल्या एका चार्टर्ड अकाउंटंटनी "किती लाखांचा?" असं विचारलं होतं.) प्रकार सोपा आहे. पफ पेस्ट्रीची तयार, गोठवलेली पाती दुकानात मिळते. तिचे चौकोन कापायचे, मधे शिजवलेल्या सफरचंदाचं सारण घालायचं, त्रिकोणी घडी घालायची, कडा दाबायच्या आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. म्हणजे आपली करंजीच, फक्त तळणीऐवजी भट्टीत गेलेली.

शेजारच्या सूनबाई हे फार सुरेख करतात. नोकरी बँकेत, घरी यायला साडेसात, त्यात मुलाचा अभ्यास आणि सासऱ्यांचं पथ्य. तरी एका रविवारी बारा जणांना त्यांनी गरमागरम टर्नओव्हर खाऊ घातले. आयोगाने प्रश्न विचारला. बाई सरळ, म्हणाल्या, "सारण घरचं, पीठ मात्र तयार आणलं." खोलीत अशी शांतता पसरली, की जणू त्यांनी नवरा तयार आणला होता. एक काका म्हणाले, "आमची आई असं काही विकतचं आणायची नाही हो." हे काका आयुष्यात स्वैपाकघरात फक्त पाणी प्यायला गेले आहेत, आणि तेही भांडं सापडलं नाही म्हणून परत आले आहेत.

विकतचं आणायची नाही? काका, गहू कोण दळायचं? गिरणीवाला. रवा कुणाच्या आईने घरी काढला? नानकटाईचं काय? रवा, मैदा, तूप, साखर डब्यात घालून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायची आणि भाजलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून आणायची, ही सुट्टीतली कामगिरी आमच्या पिढीतल्या कित्येकांनी केली आहे. मळणारा बेकरीवाला, भाजणारा बेकरीवाला, आणि डबा उघडल्यावर नाव काय? "घरची" नानकटाई! त्या डब्याला कुणी "तरीच" म्हटलेलं मला आठवत नाही. आणि खारी? चहात बुडवून खारी खाताना "घरी केलीय?" असं विचारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. अहो, ती खारी म्हणजेच पफ पेस्ट्री! पिढ्यान्‌पिढ्या आपण ती विकत आणून खात आलो आहोत.

"पण आपल्या बायका चिरोटे करत होत्याच की," असं एक विद्वान म्हणतील. करत होत्या, आणि त्या कलेपुढे मी हात जोडतो. साट्याच्या करंजीत आणि पफ पेस्ट्रीत तत्त्व एकच, पोळीच्या थरात स्निग्धाचा थर. पण आपला साटा तुपात तांदळाची पिठी फेसून केलेला, घट्ट आणि सोशिक. पफमध्ये घालायचं ते लोणी, आणि तेही थंडगार. तीन पदरी घडी, लाटणं, पुन्हा घडी, मधूनमधून फ्रीजमध्ये विश्रांती, असं सहा वेळा केलं की हिशेबाने लोण्याचे 729 थर होतात. ओव्हनमध्ये पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती हे थर उचलते. थर उचलायला आधी ते वेगळे राहिले पाहिजेत. लोणी तीस-पस्तीस अंशांत वितळतं आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे निघतो. म्हणजे हापूस यायला आणि लोणी वाहायला एकच मुहूर्त! ओट्यावर 729 थर मोजत बसलेल्या बाईच्या हाती शेवटी लागतो एकच थर, तोही ओट्यावर.

बरं, ज्यांचा हा मूळ पदार्थ ते तरी काय करतात? फ्रान्समधल्या दुकानात पफची पाती कागदात गुंडाळून शीतकपाटात तयार असते आणि तिथल्या गृहिणी ती उचलून घरी जाऊन फळांचा टार्ट करतात. इस्तंबूलमध्ये बाकलावासारख्या पदार्थांची पातळ पाती लाटून विकणारी वेगळी दुकानं आहेत. अमेरिकेत तर पिल्सबरी कंपनीने 1965 साली पिठाच्या डब्यातून उडी मारून बाहेर येणारा एक गुबगुबीत कणकेचा पोऱ्या जाहिरातीत आणला. त्याच्या पोटात बोट खुपसलं की तो हसतो. आपल्याकडे तयार पिठाच्या पोटात बोट खुपसतात ते फक्त दोष काढायला.

मात्र तयार म्हणजे सगळंच तयार, असं कुणी समजू नये. वेष्टनावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावीत. पुष्कळ पात्यांत लोणी नसतं, वनस्पती तूप किंवा मार्गारीन असतं. ज्यात लोणी असेल ती परवडली तर तीच घ्यावी. आणि डब्यातलं गोड-चिकट फळांचं सारण? ते मात्र मी अजिबात सहन करणार नाही! लाटायला यंत्र चालेल, पण सफरचंद आंबट आहे की पिठूळ, लिंबू किती पिळायचं, दालचिनीची चिमूट कुठे थांबवायची, हे यंत्राला कळत नाही. या पदार्थातला हात पिठात नसतोच मुळी, तो फळात असतो. सूनबाईंच्या सारणात लिंबाची किसलेली साल होती. काकांनी तीन टर्नओव्हर खाल्ले, पण त्याबद्दल अवाक्षर नाही.

तेव्हा काकांनो, पुढच्या रविवारी तुम्हीच करा. पाती आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवलीत तर तिचा चिखल होईल. सफरचंदाच्या फोडी साखर, लिंबू आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून आटवा आणि पूर्ण निववा. गरम सारण घातलंत तर पातीतलं लोणी तिथेच प्राण सोडेल. कडा काट्याने दाबा, वर सुरीने दोन चिरा द्या, दुधाचा हात फिरवा; पण दूध कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नका, नाहीतर थर चिकटून बसतात. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. मधे दार उघडून बघायचं नाही. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं, कारण वरचा पापुद्रा निवला तरी आतलं सफरचंद उकळतं असतं. ही शेवटची सूचना चौकशी आयोगाच्या सभासदांना नाही दिली तरी चालेल.