‘गुगल’ हा संदर्भ नव्हे

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, मुलांच्या प्रकल्पवहीचं शेवटचं पान एकदा उघडून बघा. बहुतेक वेळा तिथं एवढंच असतं : ‘संदर्भ – गुगल’. आपण सही करतो आणि वही परत देतो. अहो, गुगल हा ग्रंथालयाचा दरवाजा झाला. पुस्तक कुठलं वाचलं?

विष्णुदास भाव्यांचंच घ्या. त्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, ही माहिती वहीवहीत उतरते. एखाद्या वहीत 1853 पडलं, तर ती मुलाची नजरचूक की मूळ लेखातलीच चूक? संदर्भ नसेल तर तपासणार कसं?

नमुन्यासाठी लांब जायला नको. मराठी विश्वकोश आपल्या सातारा जिल्ह्यात, वाईला घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. त्यातली एखादी मोठी नोंद काढा. खाली संदर्भग्रंथ दिसतील, लेखकाचं नावही. एवढी जाणकार माणसं ‘हे कुठून घेतलं’ ते सांगतात, मग सातवीच्या मुलाला त्यात कमीपणा कसला?

लेखक, पुस्तक, वर्ष, पान एवढं पुरे. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीखही. वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हात हवं. शब्द बदलले तरी नाव द्यायचंच, इथं पालकही चुकतात (निम्मे प्रकल्प कोण करतं, ते आपण जाणतोच!). आजीनं सांगितलेलं असेल तर आजीचं नाव, गाव आणि तारीख लिहू द्या. मी तर सजवलेल्या मुखपृष्ठापेक्षा या ओळींना जास्त गुण देईन.