जाड सळई, पातळ तर्क

१/८
“जाड स्वे बार बसवा, गाडी वळणावर झुकणार नाही, मग उलटण्याचे भय कशाला?” उंच बांध्याच्या गाड्यांच्या मालकांना हा सल्ला सर्रास दिला जातो. मैंदर्गीहून वडापची गच्च भरलेली गाडी अक्कलकोटकडे निघते, तेव्हा या वाक्यावर आतल्या माणसांचे प्राण टांगलेले असतात. वाक्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध मात्र साफ खोटा आहे.

२/८
प्रथम नवलाईचा भ्रम दूर व्हावा. कॅनडातील स्टीफन कोलमन यांना या युक्तीचे पेटंट २२ एप्रिल १९१९ रोजी मिळाले. ‘आधुनिक सुधारणा’ म्हणून विकली जाणारी ही वस्तू शंभरी ओलांडून बसली आहे.

३/८
तिची रचना साधी आहे. स्प्रिंगच्या पोलादाची वाकवलेली सळई मधोमध रबरी बुशांतून सांगाड्याला धरलेली असते आणि तिची दोन टोके दोन बाजूंच्या चाकांशी जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम उचलली तर सळई नुसती फिरते. एकच उचलले तर तिला पीळ बसतो आणि ती झुकण्याला विरोध करते.

४/८
“आपल्याकडे हे ज्ञान नव्हते” हेही असत्य. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० च्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये हा बार मुळातच होता. त्याची जाडी स्प्रिंग, टायर आणि वजन यांच्याशी मेळ घालून ठरवलेली असते.

५/८
तो मेळ किती सहज बिघडतो, ते गणित सांगते. भरीव सळईचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिमीऐवजी त्याच घडणीची २४ मिमी सळई घातली, तर जाडी वाढते २० टक्के आणि ताठरपणा होतो दुपटीहून अधिक.

६/८
वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळणाचा वेग यांवर ठरतो. बार तो भार नाहीसा करत नाही. पुढच्या-मागच्या चाकांत त्याची वाटणी तेवढी बदलतो. पुढे फार ताठर बार घातला तर गाडीचे नाक वळणाबाहेर पळते, मागे घातला तर शेपूट सुटते. शिवाय एका चाकाला बसलेला खड्ड्याचा हिसका दुसऱ्यालाही पोहोचतो.

७/८
“शर्यतीतले चालक हेच करतात ना?” करतात. पण गुळगुळीत धावपट्टीवर, टायरगणिक चाचणी घेऊन आणि टपावर ओझे न लादता. १९९७ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास स्वीडनमधील चाचणीत उलटली. त्या बलाढ्य कंपनीचेही एका जाड सळईवर भागले नाही. सस्पेन्शन बदलावे लागले आणि ईएसपी ही इलेक्ट्रॉनिक स्थिरता-यंत्रणा सरसकट बसवावी लागली.

८/८
झुकणारी गाडी चालकाला “वेग आवर” असे बजावत असते. जाड बार तो इशारा दाबतो, धोका तसाच ठेवतो. आणि न झुकणाऱ्या गाडीचा चालक पुढचे वळण अधिक वेगाने घेतो. आधी झिजलेले बुश बदलावेत, टायर तपासावेत, टपावरचे ओझे उतरवावे आणि माणसे मोजून बसवावीत. हे उपाय मिरवता येत नाहीत, म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही.