पटावरची मुले

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे आणि उंट यांचा जो बाजार भरतो, त्यात मुरलेला गिऱ्हाईक मालकाने चालविलेल्या स्तुतीकडे कानाडोळा करून जनावराचे ओठ वर करतो, दात पाहतो, दहा पावले चालवून पाय पारखतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून भावाची गोष्ट काढतो. परंतु याच लोहा तालुक्यातील एखाद्या वाडीतांड्यावरच्या शाळेचे मोल ठरविण्याचा प्रसंग आला म्हणजे सरकार तिच्या उंबऱ्यापर्यंत येण्याची तसदी घेत नाही. ते मुंबईत बसून हजेरीचा पट मागविते, त्यावरचा एक आकडा वाचते आणि तेवढ्यावरून त्या शाळेने जगावे की मरावे याचा निवाडा करते.

सक्तीच्या शिक्षणाचा विचार या भूमीला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी त्याची मागणी केली. सयाजीरावांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर ते लागू केले. आणि नामदार गोखल्यांचे विधेयक १९१२ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात ३८ विरुद्ध १३ मतांनी नामंजूर झाल्यावर पाचच वर्षांत शाहू छत्रपतींनी करवीर राज्यात सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा करून मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड बसविला. या सर्व काळात आमच्या मराठवाड्यावर निजामाचा अंमल होता आणि मराठी मुलास बहुतांशी उर्दूच्या द्वारानेच विद्येच्या मंदिरात शिरावे लागत होते. हैदराबाद राज्याने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो मुक्तीनंतर, १९५२ साली. आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला. कंधारचे भाई केशवराव धोंडगे विधानसभेत सरकारशी कडाडून भांडत आणि सभागृहाबाहेर स्वतःच शाळा काढीत. ते कायद्याची वाट पाहत बसले असते, तर या डोंगराळ मुलखातील किती मुले गुराखीच राहिली असती, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

संसदेने २००९ साली केलेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याचे खरे नावीन्य असे की, त्याने ‘सक्ती’ या शब्दाचे तोंडच फिरविले. शाहू महाराजांच्या कायद्यात दंडाचा धनी पालक होता. या कायद्यात सक्तीचा अर्थ सरकारवरील बंधन असा स्पष्ट केलेला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत, शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी ही व्यवस्था आहे. आणि त्या समितीने तयार केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा पाया मानावा, अशी एक अतिशय थोर तरतूदही तीत आहे, जी वाचल्याचे स्मरण फारच थोड्या अधिकाऱ्यांना असेल.

असे असता सारा व्यवहार पुन्हा पटावरच येऊन ठेपला. अनुदान पटावर, शिक्षकांची पदे पटावर, धान्यही पटावर. तेव्हा पट फुगविण्याची कला काही संस्थाचालकांनी साध्य करावी, यात नवल ते कसले? ते बिंग प्रथम आमच्याच नांदेड जिल्ह्यात फुटले. जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी केलेल्या तपासणीत लाखावर नावे केवळ कागदावर नांदत असल्याचे आढळले, आणि त्या धड्यावरून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना, मतदारांच्या बोटांना लावतात तशी शाई लावण्यात आली आणि सुमारे वीस लाख मुले जागेवर सापडली नाहीत. ते दिवस लज्जेचे होते. परंतु एक गोष्ट मला तेव्हापासून खुपते. ज्यांनी पट फुगविला त्यांना जरब बसविण्यासाठी उगारलेले तेच माप पुढे ज्यांनी तो कधीच फुगविला नाही, अशा लहान शाळांच्या मानेवर आले.

शिक्षकसंख्या ठरविण्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरण्याचा शिरस्ता आहे. त्या तारखेला तांड्यावरचे मूल वर्गात असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले आईबाप (ज्यांना ऊसतोडीच्या भाषेत दोघे मिळून ‘एक कोयता’ म्हणतात) बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागले की, ते मूल पटावर राहते आणि फडावर वाढते. त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहाची तजवीज आहे. पण ते वेळेवर उघडले नाही, तर पटावरच्या आकड्यात काडीचाही फरक पडत नाही आणि म्हणून कोणाची झोपही मोडत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविले गेले, तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा आणि त्यांत १,८५,४६७ मुले असल्याचे सरकारनेच सांगितले. पाच मुलांच्या शाळेत कबड्डीचा डावसुद्धा मांडता येत नाही, हे मी नाकारीत नाही. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, सोबती हे सारे मिळते. परंतु पावसाळ्यात ओढा भरला असता सात वर्षांच्या पोरीने तो ओलांडून जावे कसे, याचे उत्तर देण्यापूर्वीच तिच्या दाराजवळची शाळा मिटविण्याचा विचार करणे, याला सुधारणा म्हणता येत नाही.

माझा आक्षेप पद्धतीलाच आहे. कायदा सभागृहात उजळ माथ्याने होतो. तो आटविला जातो तो मात्र परिपत्रकांनी, अधिसूचनांनी, कोणी न वाचलेल्या शासन निर्णयांनी. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित खासगी शाळेला शिक्षणहक्क कायद्यातील गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांच्या बंधनातून मोकळीक दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरविली. म्हणजे जो एक किलोमीटर कायद्याने गरिबाच्या मुलाला जवळची शाळा मिळावी म्हणून मोजला होता, तोच येथे त्याला दुसऱ्या शाळेच्या दारातून परतविण्यासाठी मोजला गेला.

विधिमंडळाला खरोखरच सरकारी शाळा सुधारावयाच्या असतील, तर नव्या योजनांना नवी नावे शोधण्यापेक्षा एकच कलम पुरे आहे: शाळा व्यवस्थापन समितीच्या लेखी ठरावावाचून आणि सभागृहापुढे कारणे मांडल्यावाचून कोणतीही सरकारी शाळा बंद किंवा विलीन करता येणार नाही. तोवर लोहा, कंधार, मुखेड या भागातील पालकांना माझी विनंती एवढीच आहे की, आपल्या शाळेच्या समितीची पुढची बैठक चुकवू नका. किती मुले फडावर गेली, वसतिगृह कोणत्या तारखेस उघडले, शिक्षकाची किती पदे रिकामी आहेत, हे ठरावात लिहा, एक प्रत पंचायत समितीत व एक आपल्या आमदारांकडे द्या, आणि दोन्ही ठिकाणांहून शिक्क्याची पोच घ्या.