एडनांतील मृतांची मोजदाद

एडनचें नांव वाचकांस परकें नाहीं. १८३९ पासून १९३२ पर्यंत तें मुंबई इलाख्याच्या कारभारांत होतें. वासुदेव बळवंत फडके यांनीं १८८३ सालीं देह ठेवला तो तेथील कारागृहांतच. त्या एडनवर २०२० सालीं जो प्रसंग गुदरला, तिकडे मात्र आपल्यापैकीं फारच थोड्यांचें लक्ष गेलें. त्या वेळीं ज्याला त्याला आपल्याच घरची चिंता होती.

येमेनमध्यें २०१४ पासून यादवी पेटलेली. २०१५ पासून तींत सौदी अरेबियाचीं विमानेंही उतरलीं. देशांतील निम्मेच दवाखाने नीट चालत. सप्टेंबर २०१६ मध्यें मध्यवर्ती बँक सना शहरांतून एडनला हलविली गेली आणि सरकारी नोकरांचे पगार थकले. त्यांत डॉक्टर आले, परिचारिकाही आल्या. २०१७ च्या अखेरीस पटकीच्या संशयित रोग्यांची संख्या दहा लाखांपुढें गेली. एवढें होऊन गेल्यावर, १० एप्रिल २०२० रोजीं हद्रमौत प्रांतांत करोनाचा पहिला रोगी सांपडला. त्याच महिन्याच्या २१ तारखेस एडन पुराच्या पाण्यांत सांपडलें; २६ तारखेस दक्षिणेकडील फुटीर पक्षानें तेथें स्वतःचा अंमल जाहीर केला. रोग्यानें दाद मागावी कोणाकडे, आणि डॉक्टरनें हुकूम मानावा कोणाचा?

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ह्या संस्थेच्या एडन येथील केंद्रांत ३० एप्रिलपासून १७ मेपर्यंत १७३ रोगी आले. पैकीं निदान ६८ दगावले. मरणारे बहुतेक ४० ते ६० वर्षांचे पुरुष, म्हणजे घरचे कर्ते. शहरांत एरवीं दिवसाकाठीं सुमारें १० माणसें मरत, तीं ८० मरूं लागलीं. ह्याचा अर्थ असा कीं, पुष्कळांनीं इस्पितळाची पायरी न चढतां घरींच प्राण सोडले. सना शहरांत तर इस्पितळांत रोग्यास विषाची सुई टोंचतात, अशी अफवा उठली. आम्हांस हंसण्याचा अधिकार नाहीं. १८९७ च्या प्लेगांत तपासणीच्या भयानें पुण्यांतही रोगी लपविले जात होते.

सनाच्या सत्ताधाऱ्यांनीं आपल्या मुलखांत अवघे ४ रोगी कबूल केले! आंकडा दडविणाऱ्याच्या पदरांत मदत तरी कोण घालणार? २ जून २०२० रोजीं येमेनसाठीं परिषद भरली, तींत २४१ कोटी डॉलरांची गरज सांगितली गेली. वचनें मिळालीं तीं १३५ कोटींचीं.

पुढें लंडनच्या संशोधकांनीं उपग्रहांनीं घेतलेल्या छायाचित्रांवरून एडनच्या दफनभूमींतील नव्या कबरी मोजल्या. एप्रिल ते सप्टेंबर ह्या काळांत नेहमींपेक्षां सुमारें २,१०० मृत्यु अधिक झाले, असा त्यांचा हिशेब निघाला. उभा जन्म हजेरीपट भरण्यांत घालविलेल्या आम्हांस हें वाचून बराच वेळ कांहीं सुचलें नाहीं. त्या कबरी आकाशांतून मोजतां आल्या; नांवें तेवढीं दिसलीं नाहींत.